ही पूड कशाची?

या महिन्याचा विषय आम्ही पुस्तकांतून निवडलेला नाही. तो आमच्या आत्याबाईंच्या जबड्यातून निघाला, असे म्हटले तर वाचकांस प्रथम हसू येईल. परंतु ज्या प्रश्नाने आमच्या आप्तांत पंधरा दिवस दोन तट पडले, तो आज ना उद्या पुष्कळांच्या घरी उभा राहावयाचा आहे. म्हणून तो येथे मांडण्याचे योजिले आहे.

आत्याबाई जालन्यास, कुंडलिकेच्या काठच्या जुन्या जालन्यात राहतात. वय ६८. त्यांचे सासर मूळचे घनसावंगी तालुक्यातले, समर्थांच्या जांब गावाजवळचे. जप, पूजा, सोवळेओवळे हे सारे त्या मनापासून करितात. आणि वर्तमानपत्रही चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. गेल्या वर्षी त्यांच्या खालच्या जबड्यात एका दाढेच्या मुळाशी गाठ झाली. दाढ काढावयाची, गाठ खरवडावयाची, आणि हाडात जी पोकळी राहील तीत 'हाडाची पूड' भरून वर एक पातळ पडदा घालावयाचा, असे दंतवैद्यांनी ठरविले. दिवस नेमला. आत्याबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी सहज विचारिले, "डॉक्टर, ही पूड कशाची?"

दंतवैद्य कामाच्या घाईत होते. "औषधच आहे हो, आजी. तुम्ही काळजी करू नका," एवढे बोलून ते हात धुवावयास वळले. आत्याबाईंचा नातू शेजारी उभा होता. त्याने खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली, आणि वाचले ते आजीस सांगितले: पूड गोवंशाच्या हाडांपासून केलेली, आणि पडदा डुकराच्या कातड्यापासून. आत्याबाई काही न बोलता खुर्चीतून उठल्या, पायांत चपला घातल्या आणि घरी आल्या.

घरी अर्थातच वाद माजला. चिरंजीवांचे म्हणणे असे की, ती पूड भट्टीतून व रसायनांतून काढलेली, सर्वथैव निर्जंतुक. तीत मांसाचा अंश नाही, चरबीचा नाही, उरले आहे ते निव्वळ खनिज, म्हणजे एक प्रकारचा दगडच. त्यावर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "दगडच असतो, तर यांच्या अस्थी आपण पैठणास गोदावरीत कशाला नेल्या रे?" चिरंजीव इंजिनियर आहेत, परंतु यावर त्यांस उत्तर सुचले नाही. सूनबाईंनी सासूचा पक्ष घेतला. दोन दिवसांनी आम्हांस दूरध्वनी आला: "अरे, तू शास्त्रावर लिहितोस ना? मग मला एवढे सांग, ही पूड का लागते, कशाकशाची असते, आणि दुसरी मिळते की नाही. पापपुण्याचे माझे मी बघीन."

त्यांस आम्ही जे सांगितले तेच थोडे विस्ताराने वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम हाड म्हणजे काय ते पाहू. मराठवाड्यातील माळवदाची जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हे समजावयास वेळ लागणार नाही. भिंतीची माती तुडविताना तीत भुसा किंवा गवताचे काड मिसळीत. नुसती माती वाळली की भेगाळते, नुसते काड वाऱ्यावर उडून जाते; दोन्ही एकजीव झाली म्हणजे भिंत पिढ्यानुपिढ्या उभी राहते. आजच्या घरांत तेच काम काँक्रीट आणि लोखंडी सळई करितात. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवून ज्या सळया तयार होतात, त्यांचे घरातील काम ताण सोसण्याचे. काँक्रीटचे काम दाब सोसण्याचे. एकास दुसऱ्याचे काम येत नाही, म्हणून दोघांची जोडी.

हाड याच जोडीने बांधलेले आहे. त्यात दाब सोसणारे द्रव्य म्हणजे चुना आणि फॉस्फरस यांच्या संयोगाने झालेले हायड्रॉक्सीॲपेटाइट नावाचे खनिज. ताण सोसणारी सळई म्हणजे कोलॅजन नावाचा तंतू. कोलॅजनचा रेणू तीन पदर एकमेकांभोवती पिळून झालेल्या वेणीसारखा असतो. ही तीनपदरी रचना मद्रासच्या विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ साली उलगडून दाखविली, ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी. लहान घटकांच्या साखळ्या गुंफून झालेल्या अशा लांबलचक रेणूंस शास्त्रज्ञ 'बहुवारिक' म्हणतात. कापूस, रेशीम, लोकर, कातडे ही सारी निसर्गाने विणलेली बहुवारिके होत. सुक्या हाडाच्या वजनात साधारणतः दोनतृतीयांश खनिज आणि एकतृतीयांश तंतू असतो. खनिजाचे कण इतके सूक्ष्म की केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान, आणि ते तंतूंच्या आत व भोवती ओळीने बसलेले असतात.

याची प्रचीती घरीच घेता येते. दात हा हाडाचा सख्खा भाऊ होय. मुलाचा पडलेला दुधाचा दात शिरक्यात टाकून ठेवावा आणि शिरका अधूनमधून बदलीत जावा. काही दिवसांनी दातातील खनिज आम्लात विरघळू लागते आणि दात मऊ पडू लागतो. उरतो तो तंतू. याच्या उलट प्रकार आपण सर्वांनी कधी तरी जड अंतःकरणाने पाहिलेला आहे. अस्थिसंचयनाच्या वेळी हाती येणारी अस्थी पांढरी, हलकी, बोटांच्या दाबाने मोडणारी असते. कारण अग्नीने तिच्यातील तंतू नेलेला असतो आणि खनिज तेवढे मागे राहिलेले असते. जिवंतपणी जे हाड देहाचा भार साठ-सत्तर वर्षे वाहते, ते या दोहोंच्या सहवासावर.

आता आत्याबाईंच्या पोकळीकडे वळू. लहान पोकळी असेल तर तीत रक्ताची गुठळी बसते, तिच्या आधाराने नवे हाड कडेकडेने चढत येते, आणि काही महिन्यांत पोकळी आपोआप भरते. तेथे पुडीची गरजच नसते. पोकळी मोठी असली, किंवा तिची एक भिंत गेलेली असली, तर हिरडीचे मऊ मांस आत उतरून हाडाची जागा बळकाविते. म्हणून तीत खनिजाचे कण भरावयाचे. ते नव्या हाडाला मांडवासारखे उपयोगी पडतात. वेल वर चढली की मांडव हळूहळू विरघळून जावा, ही अपेक्षा. वर पडदा घालावयाचा तो मांसास काही आठवडे बाहेर थोपवून धरण्यासाठी.

खनिज आणि तंतू यांची जोडी वैद्यकात नवी नाही. हॉलंडच्या सैन्यातील शल्यवैद्य मॅथिसेन यांनी १८५२ साली प्रसिद्ध केलेली युक्ती आजही गावोगाव चालू आहे: कापसाच्या विरळ पट्टीत भाजलेल्या जिप्समची पूड चोळावयाची, पट्टी पाण्यात बुडवून मोडलेल्या हातापायाभोवती गुंडाळावयाची, काही मिनिटांत ती दगडासारखी होते. यात कापूस हे बहुवारिक आणि जिप्सम हे खनिज. नुसत्या जिप्समचे तुकडे पडतील, नुसती पट्टी हाडास धरून ठेवणार नाही. आमच्याकडील हाडवैद्य बांबूच्या कामट्या आणि कापड यांनी जे साधीत, तेच येथे एका द्रव्यात साधले.

हे झाले शरीराच्या बाहेरचे. शरीराच्या आत तेच जिप्सम भरून पाहण्याचा प्रयोग जर्मन शल्यवैद्य ड्रेसमन यांनी १८९२ साली प्रसिद्ध केला. परंतु जिप्सम काही आठवड्यांतच विरघळते. वेल चढण्यापूर्वीच मांडव मोडावा तसे होते. १९६९ साली अमेरिकेत लॅरी हेंच यांनी वाळू, सोडा, चुना आणि फॉस्फेट यांची एक काच बनविली; ती हाडात बसविली असता हाड तिला घट्ट चिकटले. त्यापूर्वी परकी वस्तू शरीर फार तर सहन करी. हाडाने परक्या वस्तूशी सोयरीक जोडावी हे अपूर्व होते. पुढे कारखान्यातही हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि त्याचा चुलतभाऊ ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही खनिजे होऊ लागली. पहिले शरीरात वर्षानुवर्षे टिकते, दुसरे काही महिन्यांत विरते. म्हणून दोन्ही ठराविक प्रमाणात मिसळून मांडव किती काळ उभा ठेवावयाचा ते ठरविता येते. या कृत्रिम पुडीत कोणत्याही प्राण्याचा अंश नसतो.

मग प्राण्यांच्या हाडांची पूड वापरतातच कशाला? कारण तिच्यातील सूक्ष्म छिद्रांची घडण निसर्गाची आहे, आणि दंतवैद्यकात तिचा अभ्यास फार वर्षे व फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. हे आत्याबाईंपासून लपविणे आम्हांस योग्य वाटले नाही. नकार देण्याचा अधिकार सर्वांस आहे. परंतु आपण काय नाकारीत आहोत याची जाण नकार देणाऱ्यास असावी.

राहिला प्रश्न तंतूचा. नुसती खनिजाची खडी पोकळीतून घरंगळते, आणि तिचा ठोकळा केला तर तो ठिसूळ होतो. तिला बांधून ठेवणारे, रक्तातील पेशींस पाय रोवावयास ओळखीची जागा देणारे, आणि काम संपताच शरीरास पचविता येणारे द्रव्य हवे. येथे निसर्गाच्या बहुवारिकांची बरोबरी करणे कठीण. गाय व डुक्कर यांच्या कातड्यातील कोलॅजन यात अग्रेसर आहे. कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचांतून कायटोसान निघते. समुद्रातील तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट निघते. दातांचा ठसा घेताना जो थंडगार लगदा तोंडात धरावयास देतात, तो याच अल्जिनेटमध्ये जिप्सम आणि बारीक मातीसारखी खनिजे मिसळून केलेला असतो. म्हणजे वाचकांपैकी कित्येकांनी हे मिश्रण न कळत दातांखाली धरलेले आहे.

आणि एक बहुवारिक जालन्याच्या शेतात पिकते. तुतीच्या पानांवर सुमारे २५ दिवस पोसलेला किडा आपल्याभोवती एकसंध धाग्याचा कोष विणतो; तो धागा उकलला तर हजार मीटरच्या आसपास भरतो. जालना जिल्ह्यातील अनेक शेतकरी कापूस-सोयाबीनच्या जोडीस हा उद्योग करितात. पूर्वी त्यांस कोष घेऊन कर्नाटकातील रामनगरपर्यंत जावे लागे. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीतच कोषांची बाजारपेठ सुरू झाली. या धाग्यावरील डिंक सोड्याच्या पाण्यात उकळून काढला की फायब्रोइन नावाचे शुद्ध तंतुद्रव्य राहते. जखमा शिवावयास रेशीम फार पूर्वीपासून चालत आले आहे. आता त्याच फायब्रोइनचे सच्छिद्र गोळे करून त्यांवर खनिजाचा थर चढविण्याचे प्रयोग जगभर झाले आहेत. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली स्थापन झाली. तेथील संशोधनातून निघालेल्या सेरिजेन या उद्योगाने हाडांतील पोकळ्या भरण्यासाठी रेशमाच्या फायब्रोइनचे साहित्य सिद्ध केले आहे. जालन्याच्या बाजारात जो कोष किलोच्या भावाने विकला जातो, त्याचे मोल शस्त्रक्रियेच्या मेजावर काय होऊ शकते याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंनी आणि विद्यार्थ्यांनी अवश्य करावा.

हे सर्व सांगून झाल्यावर आम्हांसही थोडा वाद घालण्याची इच्छा झाली. आम्ही आत्याबाईंस म्हणालो, पूर्वी स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखर हाडांच्या कोळशाने शुभ्र केलेली म्हणून आपल्या वाडवडिलांनी टाकली, हे खरे. परंतु आज आपण औषधाच्या ज्या कॅप्सूल गिळतो, त्यांपैकी पुष्कळांचे कवच जिलेटिनचे, म्हणजे कातडी व हाडे उकळून काढलेल्या द्रव्याचे असते. लग्नात आहेर म्हणून आलेले बोन चायनाचे पेले आपण फडताळात मांडतो. त्यांच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख असते. शल्यवैद्य टाके घालण्यास कित्येक वर्षे मेंढ्यांच्या आतड्यांचा दोरा वापरीत आले. किंबहुना सुश्रुताने जखम शिवण्यासाठी जे धागे सांगितले आहेत त्यांत ताग, जवस यांच्याबरोबर प्राण्यांचे स्नायू आणि केसही आहेत. आणि शेवटी, आपण ज्या रेशमी वस्त्रास सोवळे मानितो, त्याच्या बहुतेक कोषांतील किडा बाहेर पडण्यापूर्वीच मारलेला असतो.

हे शेवटचे वाक्य बोलून गेल्यावर आम्हांस थोडा पश्चात्ताप झाला. कारण आत्याबाईंचे पूजेचे नऊवार रेशमीच आहे. त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. आता तू सांगितलेस. त्याचाही विचार करीन. पण सांगितले पाहिजे, रे. न सांगता माझ्या तोंडात घातलेले मला चालायचे नाही."

या एका वाक्यापुढे आमचा सारा युक्तिवाद फिका पडला. आम्ही सिद्ध करू पाहत होतो ते इतकेच की माणसाच्या आचारात विसंगती असते. ती कोणाच्या नसते? परंतु त्या विसंगतीच्या आधाराने दुसऱ्याच्या शरीरात त्याच्या नकळत काही घालण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. हा प्रश्न केवळ आमच्यासारख्या घरांचा आहे असेही समजू नये. डुकराच्या कातड्याचा पडदा आमच्या मुसलमान शेजाऱ्यास चालणार नाही; जैन कुटुंबास कोळंबीचे कवचही चालणार नाही; आणि एखाद्यास हे सारे चालेल, कारण त्याच्या मते प्राण वाचविणारी वस्तू पवित्रच होय. तिघांसही उत्तर एकच द्यावयास हवे, आणि ते म्हणजे खरे उत्तर.

असो. आत्याबाई पुढे दुसऱ्या एका दंतवैद्यांकडे गेल्या. रेशमाचे साहित्य त्यांच्यापाशी नव्हते. परंतु त्यांनी प्रश्न ऐकताच हातातले काम बाजूस ठेविले, छायाचित्र दाखविले, आणि सांगितले की पोकळीची एक भिंत पातळ झाली आहे, म्हणून पूड घालणे बरे. पण ती कारखान्यातील फॉस्फेटची घालता येईल. पडद्यासाठी त्यांनी एक निराळाच मार्ग सुचविला. रुग्णाच्या दंडातील थोडे रक्त नळीत घेऊन लगेच यंत्रात दहा-बारा मिनिटे गरगर फिरविले म्हणजे तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळसर, खरवसासारखा घट्ट थर धरतो. हा फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना आपल्याच शरीरात तयार होणाऱ्या बहुवारिकाचा थर. फ्रान्समध्ये शुक्रून व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास ही रीत प्रचारात आणिली. त्या थराचे बारीक तुकडे पुडीत कालविले की ती चिकट होऊन जागेवर बसते, आणि उरलेला थर चापट करून वर पडद्यासारखा घालता येतो. याने हिरडीची जखम चांगली मिटते असा अनुभव आहे. हाड लवकर भरते असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही, आणि हा पडदा कोलॅजनच्या पडद्याइतका टिकतही नाही. हेही त्या दंतवैद्यांनी आत्याबाईंस स्पष्ट सांगितले. आत्याबाईंनी ते सर्व ऐकून घेतले आणि होकार दिला.

सहा महिन्यांनी काढलेल्या छायाचित्रात पोकळीच्या जागी करडी, दाट सावली दिसली. दंतवैद्य म्हणाले, भरते आहे. आत्याबाई आता त्या बाजूने भाकरी चावतात.

वाचकांस आमची विनंती एवढीच की, आपल्या घरी कोणावर अशी शस्त्रक्रिया व्हावयाची असेल तेव्हा ती आदल्या दिवसापर्यंत न ठेविता आधीच पाच प्रश्न विचारावेत: हे साहित्य घालणे अत्यावश्यक आहे काय, ते कशापासून केलेले आहे, त्यास पर्याय कोणता, आणि पर्याय घेतल्यास काय गमवावे लागेल, आणि त्याचा खर्च किती. प्रश्न विचारताना स्वर नम्र असावा, परंतु उत्तर मिळेपर्यंत खुर्चीत बसू नये. तुटलेल्या हाडाच्या जागी प्राण अडकला असेल, रक्त वाहत असेल, अशा वेळी हा विचार करावयास सवड नसते आणि करूही नये. परंतु जेथे सवड आहे तेथे विचारिले पाहिजे.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. गेल्या खेपेस आम्ही जालन्यास गेलो तेव्हा आत्याबाई पूजेस बसल्या होत्या. अंगावर धूतवस्त्र होते, साध्या सुताचे. रेशमी नऊवाराविषयी आम्ही काही विचारिले नाही, आणि त्यांनीही काही सांगितले नाही.